बंदीची तारीख

मामा मुंबई कस्टम्समध्ये ॲप्रेझर होते. नोकरीची सुरुवात बॅलार्ड पिअरच्या न्यू कस्टम हाउसात झाली, शेवट न्हावा-शेव्यात. भाची त्याच न्हावा-शेव्यात कस्टम्स ब्रोकर आहे. बंदरावर अजूनही सगळे सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, असंच म्हणतात. एकाच बिल ऑफ एंट्रीकडे, म्हणजे आयातीच्या अर्जाकडे, दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंनी पाहिलंय. जेवायला एकत्र बसले की दोघांची जुंपते आणि घरातले बाकीचे आपापलं ताट उचलून आत जातात. मी बसून राहतो. देशात काय येऊ द्यायचं आणि काय दारातच थांबवायचं, हे ज्यांच्या हातून रोज ठरतं त्यांचं भांडण ऐकायला एरवी कुठे मिळतं? खालचा वाद थोडा कापलेला आहे. शिव्या काढल्यात.

भाची : मामा, यंदा अनारसे महाग पडणार. एका पार्टीचा तुर्कस्तानचा खसखशीचा कंटेनर बंदराबाहेरच्या सीएफएस यार्डात उभा आहे. फ्री डेज संपले. शिपिंग लाइनचं डिटेंशन आणि सीएफएसचं ग्राउंड रेंट, दोन्ही मीटर चालू.

मामा : ग्वाल्हेरची नोंदणी आहे ना?

भाची : आहे हो. पण नोंदणीत पुरवठादाराचं जुनं नाव आहे आणि इन्व्हॉइसवर नवं. मधे कंपनीने नाव बदललं. माणसं तीच, गोदाम तेच, बी तेच.

मामा : मग थांबणारच. खसखस येते अफूच्या बोंडातून. म्हणून तर प्रत्येक सौदा ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोत नोंदवावा लागतो, आणि ज्या देशांत अफूची शेती कायदेशीर आहे तिथूनच माल आणता येतो. त्या देशाचं प्रमाणपत्रही लागतं. नाव जुळत नाही म्हणजे कोणाचं शेत, कुठलं बोंड, काहीच सिद्ध होत नाही.

भाची : अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याने बियांना स्वतःच वगळलंय. बोंड, देठ, काड सगळं धरलंय, बी सोडून.

मामा : बी निर्दोष आहे हे मान्य. बोंडाला चिरा कोणी पाडल्या आणि चीक कुठे गेला, हा प्रश्न आहे. आणि तू म्हणतेस तेवढं हे जगाला साधं वाटत नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातली वाटीभर खसखस घेऊन दुबईला उतर, तिथे ती अमली पदार्थांत जमा आहे. लेकीकडे निघालेल्या बायका पिशवीत खसखस टाकतात आणि विमानतळावर रडतात.

भाची : म्हणजे तुमच्या मते नियम जितका कडक तितका शहाणा.

मामा : माझ्या मते नियमामागे काहीतरी घडलेलं असतं. ते तुम्ही पोरं विसरता.

इथे वाचकासाठी थोडं थांबतो. डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या यादीत प्रत्येक मालाला आठ आकडी कोड असतो आणि कोडसमोर त्याचं नशीब लिहिलेलं असतं. मुक्त, निर्बंधित, प्रतिबंधित, किंवा फक्त ठरावीक सरकारी व्यापार कंपनीमार्फत. निर्बंधित म्हणजे परवाना काढा आणि आणा. प्रतिबंधित म्हणजे आणूच नका. ही प्रतिबंधितांची यादी आश्चर्य वाटावं इतकी लहान आहे: प्राण्यांची चरबी, चीज विरजायला वापरतात ते प्राणिजन्य रेनेट, हस्तिदंतासारखे वन्यप्राण्यांचे अवयव, आणि अशीच थोडी मंडळी. चरबीमागचं कारण जुन्या वाचकांना आठवेल. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या आरोपांवरून देशभर गदारोळ झाला होता.

यादी इतकी लहान, तर मग बंदरात इतका माल अडकतो कशाने?

भाची : सांगते. जो माल ‘मुक्त’ आहे तोच सर्वांत जास्त अडकतो. रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी घ्या. परवाना नको. पण १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर बीआयएसचा शिक्का हवा. रिमोटमधून लहरी निघतात, म्हणून दूरसंचारच्या डब्ल्यूपीसीची मान्यता हवी. लाकडी पेटीतून आली तर लाकडावर धुरी दिल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, नाहीतर प्लांट क्वारंटाइनवाले येणार. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय, औषध असेल तर ड्रग कंट्रोलर. यादीत ‘मुक्त’ वाचून पार्टी पैसे पाठवते आणि मग मला विचारते, मॅडम, होल्ड कशाचा?

मामा : तो शिक्का नसलेली गाडी माझ्या नातवाने तोंडात घातली तर?

भाची : मी शिक्क्याच्या विरोधात नाहीये. शिक्का मिळवण्यासाठी परदेशी कारखान्यात आपला अधिकारी पाहणीला जावा लागतो, आणि तो कधी जाणार हे कोणालाच माहीत नसतं, त्याच्या विरोधात आहे. कागदावर तो गुणवत्तेचा नियम. व्यवहारात बंदी. तोंडाने बंदी म्हणायचं नाही एवढंच.

मामा : कायदाही तुझ्यासारखाच म्हणतो, फक्त उलट्या अंगाने. ती घोडीची केस माहीत आहे ना?

भाची : ज्यूरी मेड! कस्टम्सच्या परीक्षेत ती घोडी कोणाला चुकत नाही.

घोडी खरीच होती, शर्यतीची, आणि तिचा खटला कलकत्त्याचा. आणताना आयात-नियंत्रणाच्या अटी पाळल्या नव्हत्या. मालकाचं म्हणणं असं, की घोडी आणायला बंदी थोडीच आहे, निर्बंध आहे फक्त. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळलं. कायद्यात ‘कोणतीही बंदी’ असं लिहिलंय, आणि निर्बंध हाही बंदीचाच एक प्रकार. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम २(३३) पाहिलं तर हे स्पष्टच आहे: कोणत्याही कायद्याने घातलेली अट पाळली नाही, की तो माल प्रतिबंधित. त्यामुळे सकाळी मुक्त असलेला माल एका कागदाअभावी दुपारी प्रतिबंधित होऊ शकतो. पुढची मेख कलम १२५ मध्ये आहे. साधा माल जप्त झाला तर दंड भरून सोडवून नेण्याचा पर्याय अधिकाऱ्याने द्यायलाच हवा. माल प्रतिबंधित ठरला तर पर्याय देणं न देणं त्याच्या मर्जीवर. मामांची सगळी नोकरी या मर्जीत गेली. भाचीचा सगळा धंदा तिच्याभोवती फिरतो.

भाची : त्या मर्जीचंच मला भय वाटतं. अफूचा संशय आणि नावातली चूक, दोन्ही एकाच शब्दात बसतात.

मामा : मर्जी नसेल तर उरतं यंत्र. यंत्राने तुझी नावातली चूक सरळ जप्त केली असती. माझ्यासारख्या माणसाने फाइल वाचून, किरकोळ दंड लावून, माल सोडला असता. मर्जी तुझ्याच उपयोगाची आहे, कळलं का?

भाची : मर्जी चांगल्या माणसाची असली तर.

मामा : हं. आता मूळ मुद्द्यावर ये. बंदी मुळात का? तू लहान होतीस तेव्हा गावाकडे बांधावर जाऊन आलीस की तुझ्या हातावर पुरळ उठायचं, आठवतंय?

भाची : गाजर गवत.

मामा : काँग्रेस गवत म्हणायचे लोक. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आहे. त्वचेला खाज, दम्याचा त्रास, जनावर खात नाही, पिकाला वाढू देत नाही. आयात गव्हातून आलेलं एक बी. बंदरावर कोणी एकाने पोतं फोडून पाहिलं असतं तर?

भाची : थांबा. ही गोष्ट प्रत्येक क्वारंटाइनवाला सांगतो. अमेरिकेच्या पीएल-४८० कराराचा गहू म्हणतात, पण तो करार १९५६ चा. गवत त्याच्या आधीच पुण्यात दिसलं होतं.

मामा : १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू आला होता.

भाची : आणि एकोणिसाव्या शतकातले नमुने आपल्या वनस्पतिसंग्रहांत आहेत असंही अभ्यासक सांगतात. म्हणजे गव्हाचा दोष असेल, नसेल. तुम्ही शंभर टक्के खात्रीने सांगता.

मामा : बरं, कसंही आलेलं असो. आलं हे खरं ना? परत पाठवता येतं का? मी तीस-पस्तीस वर्षं हेच तर पाहत आलो. मोटारीचे सुटे भाग चुकून सोडले, तर उद्या शोधून जप्त करता येतात. बी सुटलं की सुटलं. त्याला डिटेंशन नोटीस लावता येत नाही. त्याच्यावर उपाय म्हणून काय केलं माहीत आहे? मेक्सिकोतून भुंगेरा आणला, झायगोग्रामा. रीतसर परवाना काढून, प्रयोगशाळेत तपासून, मग १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला. गवत बिनपरवाना आलं आणि त्याला खाणारा लायसन्सवर!

भाची : (हसून) हे मला आवडलं. पण भुंगेऱ्याने माझं म्हणणं सिद्ध होतं. नियम असाच हवा. कशासाठी, कोणासाठी, कोणी तपासलं, सगळं कागदावर.

मामा : भंगाराचं काय म्हणशील? २००४ मध्ये गाझियाबादच्या एका पोलाद कारखान्यात भंगार वितळवायला घेतलं आणि स्फोट झाला. युद्धक्षेत्रातून आलेल्या त्या भंगारात जिवंत तोफगोळे होते. कामगार मेले. त्यानंतर भंगार जहाजात चढण्यापूर्वीच तपासल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तुझ्या पार्ट्या त्या प्रमाणपत्राच्या खर्चावरून कुरकुर करतात.

भाची : कुरकुर करतात ते, मी नाही. पण मग मायापुरी सांगा ना. २०१० मध्ये दिल्लीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० निघालं, एक माणूस मेला. बंदरांवर किरणोत्सर्ग पकडणारी यंत्रं हवीत यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि ते कोबाल्ट आलं कुठून होतं? दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून. जुनं उपकरण लिलावात काढलं होतं. सीमा कितीही बंद केली असती तरी ते थांबलं नसतं.

मामा : म्हणून सीमेवर यंत्र नको?

भाची : यंत्र हवं. फक्त प्रत्येक दुर्घटनेनंतर तुमच्या खात्याला नवा अधिकार मिळतो आणि जुना कधी परत जात नाही, एवढं नोंदवते. शिवाय थांबवलेल्या मालाचं पुढे काय? चेन्नईत २०१५ मध्ये सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट जप्त केलं. ते पाच वर्षं तसंच पडून होतं. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतचं बंदर उडालं, तिथेही असाच अडवून ठेवलेला साठा होता, तेव्हा आपल्याकडे धावपळ झाली. जप्तीचा शिक्का मारला की धोका संपला असं तुम्हाला वाटतं.

यावर मामा पाणी प्यायले. मला वाटतं, इथे भाचीचा मुद्दा त्यांना लागला. पण खात्यात मुरलेला माणूस पाणी पिऊन पुढच्या विषयावर जातो. पुढचा विषय तिनेच काढला, आणि तोच तिचा खरा होता.

भाची : मला सांगा, बंदी संपते कशी?

मामा : अधिसूचना काढून लावतात, अधिसूचना काढून उठवतात.

भाची : कागदावर. चीनच्या दुधाचं पाहा. २००८ मध्ये तिथे दुधात मेलामाइन सापडलं, लहान मुलं दगावली. आपण दूध आणि दुधाचे पदार्थ बंद केले. अगदी बरोबर. बंदी होती तीन महिन्यांची. मग सहा महिने, मग एक वर्ष, मग आणखी एक. २०१९ मध्ये आदेश निघाला, की बंदरांवरच्या प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्याइतक्या सुसज्ज होईपर्यंत बंदी चालू. म्हणजे बंदीचं कारण तिकडच्या दुधात होतं, ते आपल्या प्रयोगशाळेत येऊन बसलं!

मामा : मेलामाइन प्यायला मुलांना द्यायचं का?

भाची : तसं मी म्हटलं का? प्रयोगशाळा करा म्हटलं. बरं, दूध सोडा. पुस्तक घ्या. ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’. ५ ऑक्टोबर १९८८ ला कस्टम्सच्या अधिसूचनेने आयातीवर बंदी. भारतात ते पुस्तक वाचायला कधीच बंदी नव्हती, फक्त आणायला होती. २०१९ मध्ये एकाने दिल्ली उच्च न्यायालयात विचारलं, ती अधिसूचना दाखवा. पाच वर्षं कोणालाच सापडली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालय म्हणालं, कागदच नाही म्हणजे अधिसूचना नाही असंच धरावं लागेल. आणि पुस्तक दिल्लीच्या दुकानात आलं. मामा, छत्तीस वर्षं तुमच्या खात्याने एक बंदी राबवली आणि तिचा कागद कुणाकडे नव्हता!

मामा : आमच्या शेडमध्ये फोटोकॉपी लावलेली होती, असं जुने लोक सांगायचे.

भाची : तुम्ही पाहिली?

मामा : मी ब्लेड आणि बेअरिंगच्या ग्रुपला होतो. पुस्तकं दुसऱ्यांकडे.

हे उत्तर मी शब्दशः लिहून घेतलं. खातं कसं चालतं याबद्दल त्यात बरंच आहे. प्रत्येकाकडे आपला ग्रुप, आपले कोड, आणि दुसऱ्याच्या ग्रुपमधली बंदी खरीच असणार यावर विश्वास. हा विश्वास नसेल तर बंदर एक दिवस चालणार नाही, हेही तितकंच खरं. दिवसाला हजारो कंटेनर हलतात, प्रत्येक अधिसूचनेचा मूळ कागद कोण पाहत बसणार?

भाची : आणि चित्रं कोणाच्या ग्रुपला होती?

मामा : कळलं, सूझांची. ते प्रकरण वाचलं मी.

भाची : वाचा पुन्हा. फ्रान्सिस न्यूटन सूझा, जन्म गोव्यातला साळगावचा. अकबर पदमसी, मुंबईचा. आपल्या मातीतल्या दोन मोठ्या चित्रकारांची सात चित्रं कोणीतरी ब्रिटनमधून विकत घेऊन घरी आणतो, आणि मुंबई विमानतळावर ती अश्लील ठरतात. आधार १९६४ च्या अधिसूचनेचा. जुलै २०२४ मध्ये जप्तीचा आदेश झाला, ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे शिकवायला हायकोर्ट लागलं.

मामा : त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असतो तर... मीही बहुतेक अडवली असती.

भाची : का?

मामा : सोडली आणि उद्या कोणी तक्रार केली, की चौकशी माझी. अडवली आणि हायकोर्टाने सोडली, तर चौकशी कोणाचीच नाही. हे तुम्ही बाहेरच्यांनी लक्षात घ्या. अधिकारी बंदीच्या बाजूने झुकतो तो संस्कृती वाचवायला नाही.

भाची : हे तुम्ही पहिल्यांदा कबूल करताय.

मामा : निवृत्त झालोय ना.

इथून पुढे वादाचा आवाज उतरला. सोन्याचा विषय निघाला आणि मामा जुन्या मुंबईत गेले. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी, आणि त्यात सोनारांची घरंच्या घरं बसली. १९६८ मध्ये कायदा झाला, तो १९९० पर्यंत चालला. या काळात सोनं येत राहिलं, फक्त गोदीतून नाही. कोकणच्या खाड्यांतून, रात्री, होड्यांतून. सोबत घड्याळं, ट्रान्झिस्टर, कापड. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास ‘फॉरेनचा माल’ उघड मिळायचा आणि घराघरात त्याचं कौतुक असायचं. लग्नात जपानी घड्याळ आलं की ते कुठून आलं हे कोणी विचारत नसे. विचारणारे कस्टम्सवालेही त्या लग्नात जेवायला असत.

भाची : हेच मला म्हणायचंय. लोकांना ज्यात काही वाईट दिसत नाही अशा गोष्टीवर बंदी घातली, की तस्करी प्रतिष्ठित होते. आणि वाट एकदा तयार झाली की ती सोन्याची राहत नाही. दिघी आणि शेखाडी. जानेवारी-फेब्रुवारी १९९३.

मामा : ते नाव घेऊ नकोस जेवताना.

भाची : घ्यायलाच हवं. रायगडच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं ते सोन्या-चांदीच्या वाटेनेच. तेच लोक, त्याच जागा, तेच हप्ते. लँडिंगकडे काणाडोळा करायची सवय कस्टम्सला आणि पोलिसांना वर्षानुवर्षं लागलेली होती. १२ मार्चला मुंबईच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. विशेष टाडा न्यायालयाने दोषी धरले त्यांत कस्टम्सचे अधिकारी होते.

मामा : होते. त्यातल्या एकाबरोबर मी चहा प्यायलोय. पण तू सांगतेस तितकं ते सरळ नाही. सोन्याचा कायदा १९९० मध्ये गेलेला होता. १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली होती. म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे बंदी उठली होती. तरी वाट उघडीच होती. उलट मला तर वाटतं, सोन्यातला नफा आटल्यावरच त्या टोळ्या दुसरा कुठलाही माल न्यायला तयार झाल्या असतील. बंदी उठवली म्हणून वाट बुजत नाही, बाई.

भाची : बंदी मुळात घातलीच नसती तर वाट पडली असती का?

मामा : ते तुला सांगता येणार नाही, मलाही नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भाचीने हळूच आपलं सूत्र मांडलं, जे ती बहुधा घरून ठरवून आली होती.

भाची : माझं एवढंच म्हणणं आहे. जे चुकून आत आलं तर परत घालवता येत नाही, त्यावर तुम्ही पाहिजे तितकी कडक बंदी घाला. बी, किडा, रोग, स्फोटक, अफू. ग्वाल्हेरला मी चारदा पत्र पाठवीन. पण ज्याने फक्त कोणाचा तरी धंदा कमी होतो, तिथे बंदी नको. शुल्क लावा. शुल्क डोळ्यांना दिसतं, मोजता येतं, संसदेत त्यावर बोलता येतं. लॅपटॉपचं आठवतं ना? ३ ऑगस्ट २०२३ ला अचानक निर्बंधित, त्याच दिवसापासून लागू. दुसऱ्या दिवशी नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकललं. ऑक्टोबरमध्ये त्याची साधी ऑनलाइन मंजुरी झाली. मधल्या काळात माझ्या पार्ट्यांनी विमानाचं दुप्पट भाडं देऊन माल आणला. तो भुर्दंड कोणाच्या सुरक्षेसाठी?

मामा : त्यात सुरक्षेचा भाग होता, चीनवरचं अवलंबित्व...

भाची : मग ड्रोनसारखं करा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संशोधन आणि संरक्षण वगळून तयार ड्रोनवर सरळ बंदी, सुटे भाग मोकळे. पटो न पटो, काय करायचंय ते स्पष्ट आहे.

मामा : तुझं सूत्र चांगलं आहे. परत घालवता येतं ते शुल्कावर, येत नाही ते बंदीवर. आता तूर कशात घालतेस?

भाची : तूर? शुल्कात.

मामा : का?

भाची : आयात जास्त झाली तर पुढच्या वर्षी शुल्क वाढवा. डाळ काही बी नाही, रुजून पसरायला.

मामा : उदगीरला तुझे थोरले मामा जूनमध्ये तूर पेरतात. पीक डिसेंबर-जानेवारीत हातात येतं. सहा-सात महिने जमीन अडकते. पेरताना बाजार बरा असतो म्हणून ते पेरतात. आणि ऐन काढणीला मोझांबिकची आणि म्यानमारची तूर न्हावा-शेव्यात उतरते, तुझ्यासारख्यांच्या बिल ऑफ एंट्रीवर. भाव पडतो. पुढच्या वर्षी शुल्क वाढवलंस, बरं. या वर्षीचं त्यांचं काय परत घालवणार आहेस? दुसऱ्याची जमीन खंडाने करणारा एखादा त्याच वर्षी मोडतो. तो पुढच्या वर्षीच्या शुल्काला जागेवर नसतो.

भाची : (थांबून) आणि बंदी असली की तुमच्या शहरातल्या माणसाला दीडशे-दोनशे रुपयांची डाळ.

मामा : हो. म्हणून ती कधी बंद, कधी उघडी. मे २०२१ मध्ये तूर, मूग, उडीद मुक्त केले. आठ-नऊ महिन्यांत मूग पुन्हा निर्बंधित.

भाची : मला वाटाण्याचं सांगू द्या, कारण ती केस मी पाठ केलीय. २०१९ मध्ये वाटाण्याच्या आयातीवर वार्षिक मर्यादा घातली. काही व्यापाऱ्यांनी हायकोर्टाचे अंतरिम आदेश मिळवून मर्यादेबाहेरचा माल आणला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, जून २०२१ मध्ये निकाल लागला: हा माल प्रतिबंधित आहे, दंड भरूनही सोडायचा नाही, सरकारजमा. शेतकऱ्यांचं हित डावलता येणार नाही असं कारण. ठीक. आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने पिवळा वाटाणा शुल्कसुद्धा न घेता मोकळा केला. अडीच वर्षांपूर्वी जो देशाच्या शेतीला इतका घातक होता, की दंड घेऊनही सोडता येत नव्हता, तोच वाटाणा! तेव्हा शेतकऱ्यांचं हित कुठल्या ग्रुपला होतं?

मामा : तेव्हा निवडणूक जवळ होती आणि डाळ महागली होती.

भाची : म्हणजे कारण मालात नसतं. कॅलेंडरात असतं.

मामा : कॅलेंडर तर शेतीतही असतंच. तुझा राग कशावर आहे सांगू? बंदीवर नाही. ती कधीही लागते आणि कधीही उठते, यावर आहे. थोरल्याचाही नेमका तोच राग आहे. फक्त त्याला ती लागायला हवी असते आणि तुला उठायला.

भाची : मग दोघांनाही चालेल असं सांगते. पेरणीच्या आधी जाहीर करा. यंदा इतक्या टनांपर्यंत, इतक्या शुल्कावर, अमुक तारखेपर्यंत. आणि मळणी होईपर्यंत त्याला हात लावू नका. मग ते निर्बंधित म्हणा, प्रतिबंधित म्हणा, मला फरक पडत नाही.

मामा : आणि ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारून बसला तर? पीकच नाही, डाळ अडीचशेवर, आणि सरकार म्हणणार, तारीख जाहीर केलीय, थांबा?

भाची : तेव्हा उघडा. पण उघडताना लिहा, कोणत्या आकड्यामुळे उघडलं आणि कोणत्या आकड्याला बंद होईल.

मामा : सरकार असं लिहून देत नाही. लिहिलं की बांधलं जातं.

भाची : मला सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११ खाली बांधता, नावातल्या एका अक्षरासाठी बांधता. स्वतःला बांधून घ्यायचं म्हटलं की जड जातं.

मामा : तू हे थोरल्याला समजाव. तो यंदा तूर सोडून सगळं सोयाबीन घेणार म्हणतोय. त्याला वाटतं, त्यात तरी आयातीची कटकट नाही.

भाची : सोयाबीनमध्ये? मामा, खाद्यतेलाचं शुल्क कधी वर कधी खाली कसं होतं, ते कोणी सांगितलं नाही का त्यांना? फोन लावा. आत्ता लावा, पेरणी व्हायच्या आत.